संगणकशास्त्र मुख्य विषय नाही, तरी त्याच्या वर्गात बसायचे आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थिनी तासगावकडून रोज एसटीने सांगलीला येते, बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि तिला संगणकशास्त्राचे तास करायचे आहेत. ती विभागात विचारायला गेली, तेव्हा ‘आर्ट्सच्या मुलांना इथे बसता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर खरे आहे का, मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, म्हणून तो घेता येईल का आणि बारावीला गणित नव्हते व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे याची अडचण येईल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी सांगली जिल्ह्यात पंचवीसहून अधिक वर्षे हाच विषय शिकवतो आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे वेळापत्रक आणि लॅबच्या बॅचेस लावण्याचे काम माझ्याकडेच होते. त्यामुळे ‘येत नाही’ असे सांगणाऱ्या खुर्चीत मीही बसलेलो आहे. तिथून जे दिसते ते आधी सांगतो.

विभागात पाऊल ठेवण्यापूर्वी तुम्ही स्वतःशी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला श्रेयांक हवे आहेत, म्हणजे गुणपत्रिकेवर हा विषय उमटायला हवा आहे, की विषय यायला हवा आहे? दोन्ही हवे असणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्हींची दारे वेगळी आहेत. श्रेयांकांचे दार कार्यालयातून उघडते. तिथे नियम, विषयसंकेतांक, परीक्षा अर्ज आणि शुल्क यांचे चालते, आणि शिक्षकाची इच्छा असली तरी तो ते दार एकटा उघडू शकत नाही. विषय शिकण्याचे दार मात्र बहुतेक वेळा एकट्या शिक्षकाच्या हातात असते. विद्यार्थी ‘मला तुमच्या वर्गात बसायचे आहे’ असे म्हणतात, ऐकणारा त्याचा अर्थ ‘याला प्रवेश हवा आहे’ असा घेतो, आणि प्रवेशाचे उत्तर बहुधा नकारार्थीच असते. माझ्या अंदाजाने तुमच्या बाबतीतही हेच झाले असावे.

नकार का येतो हे समजले तर पुढचे बोलणे सोपे जाईल. आपल्याकडे, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या परिसरात, संगणकशास्त्र एकाच रूपात शिकवले जात नाही. बी.एस्सी. संगणकशास्त्र ‘एंटायर’ म्हणून पूर्ण अभ्यासक्रम असतो, त्यालाच मुले बीसीएस म्हणतात. नेहमीच्या बी.एस्सी.मध्ये तो ‘ऑप्शनल’ विषय म्हणून असतो, आणि बीसीए त्याहून वेगळे. यांतील पुष्कळसे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. तिथल्या शिक्षकांचे वेतन, यंत्रांची दुरुस्ती आणि इंटरनेटचा खर्च त्या त्या मुलांच्या शुल्कातून भागवावा लागतो. अनुदानित बी.ए.चे शुल्क भरलेली विद्यार्थिनी तिथे येऊन बसली, तर शुल्क भरलेल्या मुलाचे पालक हरकत घेतील अशी धास्ती विभागप्रमुखांना असते, आणि ती अगदीच निराधार नसते.

दुसरे कारण लॅबचे आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. वर्गात बाक वाढवता येतो, लॅबमध्ये संगणक वाढवता येत नाही. समजा वीस यंत्रे चालू स्थितीत आहेत आणि प्रात्यक्षिकाची बॅच वीसची आहे. पदवीच्या नव्या रचनेत (तिच्याविषयी पुढे सांगतो) व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांक लेखी आणि दोन प्रात्यक्षिकाचे असा चार श्रेयांकांचा विषय असेल, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला दोन तास वर्गात आणि चार तास यंत्रासमोर जातात. पहिल्या वर्षाच्या ऐंशी मुलांच्या चार बॅचेस केल्या, तर एकट्या त्या विषयाने आठवड्याचे सोळा तास लॅब व्यापली जाते. त्यावर दुसरे आणि तिसरे वर्ष येते, शिवाय बीसीएची मुले वेगळीच. अशा वेळी ‘सर, मला बसू द्या’ हे वाक्य कानांवर पडले, की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे तुमचा चेहरा नसतो, एकविसावी खुर्ची असते. म्हणून मागताना खुर्ची मागू नका. आधी व्याख्यानाला बसण्याची परवानगी मागा आणि ‘प्रात्यक्षिकाची सोय मी माझी करते, एखाद्या बॅचला यंत्र मोकळे असेल तेव्हा सांगा’ असे म्हणा. एवढ्या एका वाक्याने अनेकांचा सूर बदलतो, कारण त्यांच्या मनातली अडचण तुम्हीच आधी बोलून दाखवलेली असते.

यंत्रे मोकळी कधी होतात, हेही सांगून ठेवतो. जून-जुलैत बीसीएसला प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी काहींचे डोळे अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांकडे लागलेले असतात. त्या फेऱ्यांच्या याद्या लागल्या की काही मुले दाखले काढून निघून जातात. दरवर्षी किती जातात हे सांगता येत नाही, पण पहिल्या वर्षाच्या बॅचेसमध्ये सत्र सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्याने जागा दिसू लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळालेला नकार त्यामुळे अखेरचा समजू नये. त्या आठवड्यात विभागप्रमुखांना स्वतःच्याच मुलांची संख्या नक्की माहीत नसते.

आता श्रेयांकांच्या दाराकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची जी नवी रचना महाराष्ट्रात आली, ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात मुख्य विषयाखेरीज मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ओई’, अशी दोन दारे बाहेरच्या विषयांसाठी ठेवलेली आहेत. त्यांतील एक बारकावा मुलांच्याच काय, कित्येक शिक्षकांच्याही ध्यानात येत नाही. ओई हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असला पाहिजे. म्हणजे अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने मानव्यविद्येबाहेर पडून विज्ञान व तंत्रज्ञान शाखेतला विषय घ्यावा, हेच नियमाला अपेक्षित आहे. याउलट वनस्पतिशास्त्राच्या मुलाची पंचाईत होते, कारण त्याची आणि संगणकशास्त्राची विद्याशाखा एकच असल्याने ओईचे दार त्याला बंद असते आणि त्याला मायनरच्या वाटेनेच यावे लागते. गंमत अशी, की आर्ट्सच्या मुलांना ‘तुम्हाला येत नाही’ असे सांगितले जाते, प्रत्यक्षात ओईच्या बाबतीत विज्ञानाच्या मुलापेक्षा त्यांची बाजू भक्कम आहे.

मात्र नियमात दार असणे आणि ते तुमच्या इमारतीत असणे यांत फरक आहे. कोणते ओई विषय द्यायचे हे महाविद्यालय आपल्याकडील शिक्षक आणि खोल्या पाहून ठरवते. म्हणून विभागात जाण्याआधी कार्यालयातून किंवा सूचनाफलकावरून या सत्रात देऊ केलेल्या ओई आणि मायनर विषयांची यादी मिळवा. यादीत संगणकाशी संबंधित विषय असेल तर विनंती करण्याचा प्रश्नच उरत नाही, तुम्ही तो निवडायचा आणि मुदतीत अर्ज भरायचा. नावावर मात्र भुलू नका. ‘कार्यालयीन संगणक’, ‘इंटरनेटची ओळख’ अशा नावाचा विषय असेल तर त्याचा अभ्यासक्रम उघडून पाहा. त्यात वर्ड, एक्सेल आणि ई-मेल एवढेच असेल, तर ते एमएस-सीआयटीचेच पुनर्वाचन आहे. एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आणि तिने मोठे काम केले यात शंका नाही, पण ती संगणक-साक्षरता आहे. संगणक चालवता येणे आणि संगणकाला काय करायचे ते पायरीपायरीने सांगता येणे ही दोन कौशल्ये आहेत, आणि संगणकशास्त्र दुसऱ्यापासून सुरू होते. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, अल्गोरिदम यांपैकी एक तरी शब्द ज्या अभ्यासक्रमात नाही, त्यावर तुमची ओईची संधी खर्च करू नये असे माझे मत आहे.

मायनरबद्दल मी जरा सावध राहायला सांगेन. मायनर म्हणजे एक विषय नव्हे, सत्रामागून सत्र चालणारा १८ ते २० श्रेयांकांचा पट्टा असतो. तो पूर्ण करताना प्रोग्रॅमिंगनंतर डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम अशी चढण येते. एका विषयात अडकलात तर एटीकेटी मागे लागते आणि मुख्य विषयाचा अभ्यासही खोळंबतो. एकही प्रोग्रॅम न लिहिता मायनर घेणे म्हणजे पोहता येते की नाही हे न पाहता कृष्णेत उतरण्यासारखे आहे. तुमच्या महाविद्यालयात मायनर निवडण्याची मुदत अजून असेल आणि संगणकशास्त्राचा मायनर आर्ट्सला खुला असेल, तर निर्णयाआधीचे तीन आठवडे मी पुढे सांगतो तसे घालवा. ते जड गेले तर ओईवर थांबा, त्यात कमीपणा काही नाही.

कागदपत्रांची हेळसांड कशी अंगलट येते, याचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तिथे, वाणिज्य शाखेच्या चार मुलांना मी तोंडी परवानगी देऊन सत्रभर वर्गात आणि लॅबमध्ये बसवले. मुले चांगली होती, जर्नल पूर्ण केले, अंतर्गत परीक्षा दिली. हा विषय त्यांच्या ऐच्छिक विषयात धरला जाईल असे मी समजत होतो आणि मुलेही तसेच समजत होती. परीक्षा अर्ज भरताना मात्र त्यांच्या अर्जावर जुन्याच विषयाचा संकेतांक राहिला, कारण बदलाची नोंद कार्यालयात कोणी केलीच नव्हती. निकाल लागला तेव्हा न शिकलेल्या विषयात चौघेही अनुपस्थित आणि शिकलेला विषय निकालात कुठेच नाही. चूक कार्यालयाची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. विषय श्रेयांकासाठी घेत असाल, तर परीक्षा अर्जाच्या छापील प्रतीवर त्याचा संकेतांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि ती प्रत जपून ठेवा. शिक्षकाने ‘हो’ म्हटले एवढ्यावर राहू नका, तो शिक्षक मी असलो तरी.

ओईच्या यादीत कामाचा विषय नसेल तर पुढची वाट स्वयमची आहे. केंद्र शासनाच्या स्वयम या मंचावर जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत अभ्यासक्रम सुरू होतात. संगणकशास्त्राचे बरेच अभ्यासक्रम एनपीटेलकडून येतात आणि ते आयआयटीसारख्या संस्थांमधले प्राध्यापक शिकवतात. शिकायला शुल्क नाही, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तरच ते भरावे लागते. ‘द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन’ हा, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा, आयआयटी रोपडचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण नवख्यासाठी आहे आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना मी तोच प्रथम सुचवतो. त्याची गुणपद्धती आधीच समजून घ्या. दर आठवड्याच्या स्वाध्यायांना मिळून २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात, त्यामुळे सणासुदीत किंवा घरी बेदाण्याच्या कामाच्या धांदलीत एखाददुसरा आठवडा बुडाला तरी बिघडत नाही. पहिले चारच बुडवलेत, तर मात्र पुढच्यांत एकाचीही सवलत उरत नाही.

या अभ्यासक्रमाचे श्रेयांक तुमच्या पदवीत धरले जातील का, हा वेगळा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेण्याची मुभा दिली आहे. ती मुभा विद्यापीठाने आणि महाविद्यालयाने स्वीकारावी लागते आणि कोणता अभ्यासक्रम कशाच्या बदल्यात धरायचा हे आधी ठरावे लागते. ‘आधी’ या शब्दावर माझा भर आहे. प्रमाणपत्र हातात घेऊन ‘आता याचे श्रेयांक द्या’ म्हणणारी मुले दरवर्षी येतात आणि बहुधा रिकाम्या हाताने परततात. नाव नोंदवण्यापूर्वी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि त्यावर शेरा घेऊन एक प्रत आपल्याकडे ठेवा. तुमच्या महाविद्यालयात एनपीटेलचा लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्र, असेल तर त्याचे समन्वयक कोण आहेत हे विचारा, त्यांना हे सगळे तोंडपाठ असते. शिवाय ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जिथे जमा होतात ते, खाते उघडलेले नसेल तर ते उघडून घ्या.

आणखी एक वाट आहे, पण ती सर्वांसाठी नाही. २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे बी.ए. नियमित करता करता दुसरी पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येते. इग्नूचे बीसीए त्यात येते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी तर बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्यांना खुली आहे. दहावीला इंग्रजी आणि गणित असावे लागते, आणि चार आठवड्यांचा अभ्यास करून एक पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती पदवी सोपी नाही. रोज दोन-अडीच तास एसटीत घालवणाऱ्या विद्यार्थिनीने दोन पदव्यांचे ओझे घेण्याआधी एक सत्र नुसत्या एका अभ्यासक्रमावर स्वतःला जोखून पाहावे. अभियांत्रिकीच्या मुलांचे गणित वेगळे आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्थेत यंत्र किंवा स्थापत्य शाखेच्या मुलांना बाहेरचे विषय घेण्याच्या वाटा अभ्यासक्रमातच आखून दिलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही. तिथल्या विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. त्यांच्या कार्यशाळा बाहेरच्यांना खुल्या असतात का, हे विचारायला मात्र काहीच हरकत नाही.

आता शिकण्याच्या दाराविषयी. शिक्षकाकडे हात हलवत जाऊ नका, एक चालणारा प्रोग्रॅम घेऊन जा. माझ्याकडे ‘आवड आहे’ असे सांगणारे शंभर येतात. ‘हे मी केले, इथे अडले’ असे सांगणारा आला की मी खुर्ची सरकवतो, आणि माझे बहुतेक सहकारीही तसेच वागताना मी पाहिले आहेत. त्यासाठी घरी संगणक असलाच पाहिजे असे नाही. मोबाईलवरच्या ब्राउझरमध्ये पायथॉन चालते, टंकायला त्रास होतो इतकेच. ग्रंथालयातल्या संगणकावर बसू देतात का तेही पाहा.

कोणता प्रोग्रॅम, असे विचाराल. सांगलीकरांसाठी मी एक उदाहरण अनेक वर्षे वापरतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी, हे पावसाळ्यात सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पातळी विचारणारा आणि ‘ठीक’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ असे उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहा. बहुतेक नवखी मुले आधी ‘पातळी ४० किंवा जास्त असेल तर इशारा’ असे लिहितात आणि त्याखाली ‘नाहीतर ४५ किंवा जास्त असेल तर धोका’ असे लिहितात. प्रोग्रॅम चालतो, कुठलीही चूक दाखवत नाही, आणि पातळी ५० टाकली तरी ‘इशारा’ एवढेच म्हणतो. कारण ५० ही ४० पेक्षा जास्त असल्याने पहिलीच अट पूर्ण होते आणि खालची अट तपासलीच जात नाही. अटींचा क्रम उलटा केला की काम होते. हे तुमचे तुम्हाला सापडले, तर संगणकशास्त्रातला पहिला महत्त्वाचा धडा तुम्ही कोणाच्याही वर्गात न बसता शिकलात.

मग पुढची पायरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आपल्याकडे ती फूट आणि इंचांत सांगतात. ‘५७ फूट ६ इंच’ हे प्रोग्रॅमला ५७.६ असे दिले तर काय होईल? फुटाचे इंच बारा, त्यामुळे सहा इंच म्हणजे अर्धा फूट, आणि खरी संख्या ५७.५ आहे. ‘५७ फूट ११ इंच’ असेल तर ५७.११ लिहिणारा विद्यार्थी पातळी ५७ फूट ६ इंचांपेक्षाही खाली आणून ठेवतो. माहिती संगणकात कोणत्या रूपात ठेवायची हा प्रश्न इथे पहिल्यांदा समोर येतो, आणि पुढे डेटा स्ट्रक्चर्स या भारदस्त नावाखाली तोच प्रश्न मोठा होऊन येतो. वहीत या दोन्ही चुका आणि त्यांची दुरुस्ती लिहून ठेवा. शिक्षकाला दाखवायला ती दोन पाने प्रमाणपत्रापेक्षा जड आहेत.

तुमचा मुख्य विषय अर्थशास्त्र आहे, याला मी अडचण न म्हणता भांडवल म्हणेन. सांगलीचा हळदीचा बाजार तुमच्या दारात आहे. ॲगमार्कनेट या शासकीय संकेतस्थळावर बाजार समित्यांचे आवक आणि दर मिळतात. एका हंगामाचे हळदीचे दर उतरवून घ्या आणि आठवड्याची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहून पाहा. बाजार बंद असलेल्या दिवसांच्या नोंदी नसतात. त्या दिवसाचा दर शून्य धरला तर सरासरी कोसळते, दिवस वगळला तर भाजक बदलावा लागतो. यात तुम्हाला जी खटपट करावी लागेल, ती संगणकशास्त्राच्या मुलालाही करावी लागते. फरक इतकाच, की हळदीचा दर का चढला हे त्याला सांगता येणार नाही, तुम्हाला येईल. अशी दोन-चार कामे हाताशी असलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या गटात घ्यायला संगणकशास्त्राची मुलेही उत्सुक असतात, कारण त्यांच्यापाशी साधने असतात पण विषय नसतो. प्रकल्पाच्या गटातून लॅबमध्ये शिरलेले काही विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना कोणी प्रवेश दिला नाही, पण बाहेर जा असेही कोणी म्हटले नाही.

अर्ज मात्र रीतसर द्या. तो विभागप्रमुखांच्या नावे असावा, पण आपल्या अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुखांमार्फत जावा. ‘मार्फत’ हा शब्द आणि त्याखालची सही यांनी अर्जाचे वजन वाढते, कारण तुमच्या विभागाला हे माहीत आहे आणि उद्या हजेरीवरून वाद होणार नाही, याची हमी त्यातून मिळते. मजकूर चार ओळींचा पुरे. ‘मी बी.ए. भाग दोनमध्ये शिकत असून, प्रथम वर्षाच्या प्रोग्रॅमिंग विषयाच्या व्याख्यानांना श्रेयांकाविना उपस्थित राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. व्याख्यानांच्या वेळा माझ्या तासांच्या आड येत नाहीत, वेळापत्रक सोबत जोडले आहे. प्रात्यक्षिकासाठी यंत्राची मागणी नाही, एखाद्या बॅचला यंत्र मोकळे असल्यास उपकृत होईन. मी स्वतः केलेले काही सराव सोबत दाखवण्यास आणत आहे.’ वेळापत्रक खरोखरच जोडा. कित्येक ठिकाणी आर्ट्सचे तास सकाळी आटोपतात आणि विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी असतात, त्यामुळे वाटतो तितका तिढा नसतो. तुमचा तिढा तासगावच्या गाडीचा असेल. दुपारची बॅच पाचला सुटत असेल आणि तुमची गाडी त्याआधीची असेल, तर ते आधीच स्पष्ट सांगा. पंधरा दिवस येऊन मग न येणारा विद्यार्थी पुढच्या वर्षीच्या मुलांची वाट बंद करतो.

मागताना पहिल्या वर्षाचाच विषय मागा. दुसऱ्या वर्षात आहात म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसू नका, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाचा विषय दिसला म्हणून तिकडे धावू नका. सी किंवा पायथॉन, त्यानंतर डेटा स्ट्रक्चर्स, त्याच्या आगेमागे डेटाबेस, असा क्रम आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला डेटाबेस लवकर उपयोगी पडतो, म्हणून तो डेटा स्ट्रक्चर्सच्या आधी घेतला तरी चालेल. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या साधनाचा निळा पडदा दिसेल. तो पाहून नाक मुरडू नका. साधन जुने आहे, पण लूप आणि ॲरे त्यातही तसेच चालतात.

गणिताविषयी. पहिल्या प्रोग्रॅमिंगच्या विषयाला दहावीचे गणित पुरते, बारावीचे कलन तिथे लागत नाही. लागते ते तर्कशुद्ध मांडणीचे वळण, आणि पुढे संच, संबंध, मोजणी अशा भागांचे डिस्क्रीट गणित. ते स्वतंत्रपणे शिकता येते. पण पदवीनंतर एमसीए करण्याचा विचार मनात असेल तर आत्ताच लक्ष घाला. त्या प्रवेशाच्या पात्रतेत बारावीला किंवा पदवीला गणित असण्याचा मुद्दा येतो आणि त्याची शब्दरचना वर्षागणिक बदलते. म्हणून सीईटी कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा. ओई म्हणून गणिताचा एखादा विषय मिळत असेल, तर तो तुमच्या उपयोगी पडण्याची शक्यता आहे, मात्र तेवढ्याने अट पूर्ण होते का हे त्या पुस्तिकेवरूनच ठरवावे.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. पायथॉनमधले राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले शब्द, जेमतेम पस्तीस आहेत, आणि ते पंधरवड्यात हातात बसतात. चलांना नावे देताना ‘दर’, ‘आवक’, ‘पातळी’ असे मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी संगणकाला काही फरक पडत नाही. माझी कित्येक मुले तसे लिहितात आणि मी कधी गुण कापले नाहीत. अडते ते चूक दाखवणाऱ्या संदेशाशी. तो इंग्रजीत येतो, मुले घाबरतात आणि न वाचताच खोडतात. एक वही फक्त या संदेशांसाठी ठेवा. संदेश जसाच्या तसा उतरवा, त्याखाली तो कशामुळे आला ते मराठीत लिहा. पंचवीसएक संदेशांनंतर तेच ते पुन्हा येऊ लागतात. ऐकून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतूनही आहेत. व्याख्यानाला जाण्याच्या आदल्या रात्री त्यातला संबंधित पाठ ऐकला, तर दुसऱ्या दिवशी शिक्षकाचे इंग्रजी शब्द अनोळखी वाटत नाहीत. अर्ज देण्यापूर्वी आयर्विनचा प्रोग्रॅम आणि ही वही तयार ठेवा, आणि विभागात जायचेच असेल तर सोमवारी सकाळी जाऊ नका. शेवटची बॅच सुटल्यावर, शिक्षक लॅबचे पंखे बंद करत असतात त्या वेळी जा.